गोठ्यावरचा कापूस: परंपरा, इतिहास आणि आपले हसू

अमळनेरच्या आमच्या घरी नाताळचा गोठा वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यांवर उभा राहत असे. डब्यांवर गोणपाट, गोणपाटावर ओली माती, मातीत पंधरा दिवस आधी पेरलेल्या गव्हाचे कोंब आणि सर्वांच्या वर पसरलेला पांढराशुभ्र कापूस. हा कापूस म्हणजे बर्फ. खानदेशात कापसाला तोटा नाही आणि बर्फ आम्ही कुणी पाहिलेला नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या झळा सोसणारे आम्ही डिसेंबरात मोठ्या भक्तिभावाने बर्फ अंथरत होतो. बेथलेहेममध्येही बर्फ क्वचितच पडतो, हे पुढे भूगोलाच्या पुस्तकाने सांगितले. तो बर्फ उत्तर युरोपातील चित्रकारांच्या अंगणातून शुभेच्छापत्रांवर उतरला आणि शुभेच्छापत्रांवरून आमच्या डब्यांवर आला. माझ्या धाकट्या भावाने हा शोध घरात जाहीर केला, तेव्हा वडील गोठ्यावरचा कापूस सारखा करीत म्हणाले, "असू दे. आपल्या बाळ येशूला थंडी वाजते, त्याच्यावर पांघरूण आहे ते."

वाचकहो, या एका वाक्याने प्रस्तुत लेखाचा विषय ठरला. वडिलांनी इतिहास नाकारला नाही आणि परंपराही टाकली नाही. त्यांनी तिचा अर्थ बदलला, तोही हसत. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याने हे काम किती केले, कुठे केले आणि कुठे ते करण्याचे टाळले, याचा थोडा हिशेब मांडावा असे वाटते.

प्रथम परंपरेची तपासणी. संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडावा. पूर्वेकडून ज्ञानी पुरुष आले असे तिथे आहे. ते तीन होते असे नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसे तीन अशी आपण बेरीज केली. पूर्वेकडील काही ख्रिस्तसभांच्या परंपरेत ते बारा आहेत. ते राजे होते असेही मत्तय म्हणत नाही. राजे बहात्तराव्या स्तोत्रातून आले आणि उंट यशयाच्या साठाव्या अध्यायातून. ते गोठ्यात नव्हे, घरात गेले असे मत्तय लिहितो. गोठ्यातला बैल आणि गाढव संत लूकमध्ये शोधू नयेत. लूकमध्ये फक्त गव्हाण आहे, जनावरे यशयाच्या पहिल्याच अध्यायात उभी आहेत. आणि हा सारा देखावा मांडण्याची प्रथा रूढ झाली ती असिसीकर संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेच्चो या खेड्यात नाताळचा गोठा उभा केला त्यानंतर. म्हणजे आपला गोठा हा एका वार्ताहराचा वृत्तान्त नव्हे. तो शुभवर्तमान, स्तोत्रे, संदेष्टे आणि एका संताची कल्पकता यांनी मिळून रचलेले कीर्तन आहे. कीर्तनकाराने आख्यानात भर घातली म्हणून त्याच्यावर खोटेपणाचा आळ कुणी घेत नाही.

आता सफरचंद. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात एदेन बागेतील त्या झाडाच्या फळाचे नाव नाही. लॅटिन भाषेत 'वाईट' आणि 'सफरचंद' या दोन अर्थांचे शब्द जवळजवळ एकसारखे, त्यामुळे पश्चिमेकडे सफरचंदाची बदनामी पक्की झाली असे मानतात. यहुदी शास्त्र्यांनी अंजीर, द्राक्ष, फार काय गव्हाचेही नाव घेतले आहे. मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपलच्या छतावर अंजिराचे झाड रंगविले. परंतु खानदेशी वाचकाला अधिक जवळची गोष्ट पुढेच आहे. स्वर्गोद्यानातील ते फळ म्हणजे केळे, अशीही एक जुनी समजूत होती. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1753 साली केळीला 'मुसा पॅराडिसियाका', म्हणजे नंदनवनातील केळी, असे नाव दिले ते त्या समजुतीला धरूनच. शिवाय आदाम-हव्वेने अंग झाकले ते अंजिराच्या पानाने झाकण्यापेक्षा केळीच्या पानाने झाकणे किती सोपे, हे जळगाव जिल्ह्यातील कोणताही शेतकरी सांगेल! तेव्हा आदिपापाचा उगम रावेर-यावलच्या बागांत शोधावा लागला नाही याबद्दल आपण सफरचंदाचे आभारच मानले पाहिजेत.

हसण्याचा भाग सोडला, तरी एक प्रश्न उरतो. फळ कोणते या चर्चेत आपण त्या कथेचा गाभा विसरतो. कथा फळाची नाही. 'मी नाही, तिने दिले. मी नाही, सापाने भुलविले' असे म्हणणाऱ्या माणसाची आहे. आपण ज्या गोष्टींवर हटकून भांडतो त्या पुष्कळदा सफरचंदाच्या जातीच्या असतात.

लॅटिन मिस्साचेही तसेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) आपल्याला मायबोलीत मिस्सा मिळाली. त्यापूर्वी धर्मगुरू लोकांकडे वळून 'दोमिनूस व्होबीस्कुम' म्हणत, तेव्हा माझ्या आजीला त्यात 'बिस्कूट' ऐकू येई आणि मिस्सा संपल्यावर खाऊ मिळणार अशी तिची बालपणी खात्री होती. आजीने हे मोठेपणी स्वतःच सांगितले आणि स्वतःच हसली. मात्र लगेच म्हणाली, "कळत नव्हते, पण गुडघे टेकलेले असत." मराठी मिस्सेचे सारे शब्द कळणाऱ्या आपल्या पिढीने या वाक्याचा विचार करावा.

शुक्रवारच्या मांसवर्ज्य व्रताचीही गंमत आहे. वसईच्या किनाऱ्यावर शुक्रवारी मांस नाही म्हणून ताजी मासळी. आमच्याकडे मांस नाही म्हणून वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी. ज्याने हिवाळ्यात खानदेशी भरीत खाल्ले आहे त्याला हे प्रायश्चित्त आहे असे सांगून पाहावे! 1966 साली परमगुरू सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले, प्रायश्चित्ताची गरज मात्र कायम ठेवली. नियम सैल झाल्याचे आपल्या ध्यानात राहिले, उरलेला अर्धा भाग भरिताबरोबर गिळला गेला.

परंपरेकडे असे हसून पाहण्याची रीत आपल्या साहित्यात आहे काय?

मूळपुरुष म्हणून फादर थॉमस स्टीफन्स यांच्याकडे जावे लागते. 1579 साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेज्वीताने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याची मांडणीच प्रश्नातून होते. साष्टीतील एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, त्यांच्या जागी वाचायला काही द्याल की नाही? हा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्यामागे जखम होती. 1567 साली साष्टीतील देवळे पाडली गेली होती. स्टीफन्स यांचे मोठेपण असे की, त्यांनी प्रश्न ऐकला. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, पुराणाला ओवीचा साज दिला. परक्या माणसाने आपल्या भाषेपुढे इतके नम्र व्हावे ही असामान्य गोष्ट आहे. तथापि समीक्षकाने हेही नोंदवावे की, या ग्रंथात प्रश्न नेहमी श्रोत्याकडे असतो आणि उत्तर नेहमी गुरूकडे. उत्तर देणाऱ्याला श्रोत्याकडून काही शिकायचे नसते. आपल्या पुढील तीन-चारशे वर्षांच्या धार्मिक गद्याने स्टीफन्सची भाषा फारशी उचलली नाही. ही बैठक मात्र जशीच्या तशी उचलली.

आणि सत्ताधाऱ्यांनी तर ती भाषाही नको म्हटले. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ज्या ओव्या आज आपण अभिमानाने मिरवतो त्या तीन छापील आवृत्त्यांच्या प्रती नाहीशा झाल्या आणि ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांच्या आधाराने. 'आपली परंपरा' असे म्हणताना ती कुणी जपली आणि कुणी मोडली, हे इतिहासाला विचारावे लागते ते यासाठी.

हसणारा आवाज आपल्याला सापडतो तो लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त. टिळक पतिपत्नी प्रॉटेस्टंट पंथाची, हे खरे. परंतु हे पुस्तक ज्या कॅथलिक घरात नाही त्या घराने एक ज्येष्ठ आत्याबाई गमावली आहे असे मी म्हणेन. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनाच्या आरंभीच लक्ष्मीबाई आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन करतात. मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेणारा हा गृहस्थ वाचकाला हसवून बेजार करतो. पण लक्ष्मीबाई तिथेच थांबत नाहीत. त्यांचे आजोबा सत्तावन्नच्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचे हे सोवळे सुरू झाले, हे त्या आधीच सांगून ठेवतात. म्हणजे विक्षिप्तपणामागे भय आहे, भयामागे इतिहास आहे. हसता हसता वाचक त्या माणसाच्या जवळ जातो. मला वाटते, परंपरेची चिकित्सा कशी करावी याचा मराठीतील हा सर्वोत्तम वस्तुपाठ आहे. थट्टा माणसाला दूर ढकलते. विनोद त्याला जवळ ओढून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. आणि बाप्तिस्म्यानंतरही बाईंचा विनोद सुटत नाही. त्यांच्या हसण्याचे पहिले लक्ष्य त्या स्वतःच असतात.

आपल्या काळात हे काम गंभीर मुद्रेने पण मोकळ्या मनाने केले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. वसईच्या नंदाखाल गावी 1942 साली जन्मलेल्या फादरांनी 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, 'सुबोध बायबल' मराठीच्या हाती दिले. 2020 साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि जुलै 2024 मध्ये त्यांचे निधन झाले. 'सुबोध बायबल'चे महत्त्व भाषांतराच्या सोपेपणात आहेच, त्याहून ते पवित्र ग्रंथाला त्याचा काळ आणि भूगोल परत देण्यात आहे. शास्त्र वाचताना 'हे केव्हा, कुठे, कुणासाठी लिहिले' असे विचारणे ही अश्रद्धा नव्हे, हे या पुस्तकाने सामान्य कुटुंबाला शिकविले. उणीव दाखवायची तर एवढीच की, इतक्या मोठ्या ग्रंथात हसण्याला जागा कमी मिळाली. परंतु ती उणीव एका लेखकाची नाही, आपल्या सर्वांची आहे.

कारण आपल्या नियतकालिकांतील कथा पाहाव्यात. दारुडा नवरा, सोशिक मरीया नावाची बायको, आजारी मूल. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला घंटा वाजते आणि नवरा शेवटच्या परिच्छेदात सुधारतो. अशा दोन कथा प्रस्तुत लेखकानेही लिहिल्या आहेत आणि त्या छापूनही आल्या आहेत, तेव्हा ही टीका घरातलीच समजावी. या कथांत कुणी प्रश्न विचारीत नाही, म्हणून कुणाला उत्तर मिळत नाही. आपण ज्या भाविकतेला साहित्य म्हणतो तिच्यात पुष्कळदा गोठ्यावरचा कापूस असतो. त्याखाली बाळ आहे की नाही हे उचलून पाहिलेले नसते.

दुसऱ्या टोकाचे लेखनही हल्ली दिसते. इतिहासाचे एखादे पुस्तक वाचून उत्साही तरुण लिहितो की, 25 डिसेंबर हा तर रोमन सूर्यदेवाचा सण, आपण तो पळविला. इतिहास इतका स्वस्त नाही. रोममध्ये त्या दिवशी ख्रिस्तजन्म साजरा झाल्याची सर्वांत जुनी नोंद 354 सालच्या एका पंचांगात मिळते आणि त्याच पंचांगात सूर्यदेवाचा उत्सवही आहे. कुणी कुणाचा दिवस घेतला याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. 25 मार्च हा गर्भधारणेचा दिवस मानून त्यात नऊ महिने मिळविले, असेही एक समर्थ मत आहे. संत ख्रिस्तोफरचेही तसेच. 1969 साली त्यांचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढण्यात आला, याचा अर्थ 'ख्रिस्तसभेने संत रद्द केला' असा लावला गेला. सण स्थानिक पातळीवर ठेवण्यास मोकळीक होतीच. अर्धवट इतिहास हाही एक प्रकारचा अंधविश्वासच.

म्हणून मला तीन राशी वेगळ्या कराव्याशा वाटतात. एक, शुभवर्तमानात जे आहे ते. दुसरी, ख्रिस्तसभेची शिकवण. तिसरी, लोकांनी प्रेमाने रचलेली रीत. गोठा, मेणबत्ती, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेतील नवस, शुक्रवारचे भरीत. तिसरी रास टाकाऊ नाही; ती आपली संस्कृती आहे. मात्र तिसरीतील वस्तू उचलून पहिलीत ठेवली की अनर्थ होतो. तो अनर्थ केवढा असू शकतो, हे सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझ्या आत्याचे पहिले मूल 1958 साली, जन्मल्यानंतर दोन दिवसांनी गेले. गावात धर्मगुरू महिन्यातून एकदा येत. बाप्तिस्मा झाला नव्हता. मुलाला दफनभूमीच्या कुंपणभिंतीबाहेर पुरले. आशीर्वादित भूमीत जागा नाही, असे सांगण्यात आले. सांगणारा निष्ठुर नव्हता. 1917 च्या धर्मविधिसंहितेत बाप्तिस्मा न झालेल्यांना ख्रिस्ती दफन नाकारलेले होते. मूल कुठे गेले या आत्याच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, 'लिंबोमध्ये.' आत्याने ऐकले, लिंबाखाली. भिंतीबाहेर एक लिंबाचे झाड होतेच. लग्नानंतर तिची बोली पुरती अहिराणी झाली होती. दरवर्षी 2 नोव्हेंबरला सर्वांच्या मेणबत्त्या भिंतीच्या आत लागत, तिची एक बाहेर. कुणी हटकले तर म्हणे, "मन्हा पोऱ्या लिंबखाले से, सावलीमा से."

आजीच्या बिस्किटावर आम्ही हसलो. आत्याच्या लिंबावर कुणाला हसू आले नाही. कारण तिच्या चुकीच्या ऐकण्यात जी सावली होती ती त्या उत्तरात नव्हती.

येथे इतिहास काय सांगतो? संत ऑगस्टीनने (निधन 430) अशा बालकांच्या वाट्याला सौम्य का होईना, पण शिक्षा येते असे मानले होते. मध्ययुगातील धर्मपंडितांना ते सोसवेना, म्हणून त्यांनी वेदनाविरहित अशा लिंबोची कल्पना पुढे आणली; संत थॉमस अॅक्विनासही त्यांत होते. म्हणजे लिंबो ही मुळात दयेने शोधलेली पळवाट होती. ती कधीही श्रद्धासिद्धान्त म्हणून घोषित झाली नाही. पण मत हळूहळू शिकवण झाले, शिकवण भिंत झाली. पुढे 1983 च्या संहितेने आईवडिलांचा बाप्तिस्मा देण्याचा मानस असल्यास अशा बालकाच्या अंत्यविधीस धर्मप्रांताधिकाऱ्यांनी परवानगी देण्याची तरतूद केली. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथाने या बालकांना देवाच्या करुणेच्या हाती सोपविले. आणि 2007 साली आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाने एका दीर्घ निबंधात म्हटले की, लिंबोची कल्पना तारणाकडे फार अरुंद दृष्टीने पाहते आणि या बालकांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहेत. खात्री नव्हे, आशा. शब्द जपून वापरला आहे. आत्या 1999 सालीच निवर्तली होती. तिला हा निबंध कुणी वाचून दाखविला नाही. कदाचित तिला त्याची गरजही नव्हती.

माझी तक्रार धर्मपंडितांविषयी नाही. उशिरा का होईना, त्यांनी भिंत तपासली. तक्रार आपल्या साहित्याविषयी आहे. भिंतीबाहेरची ती मेणबत्ती आपण मराठी ख्रिस्ती कथेत किती वेळा लावली? मी लिहिलेल्या दोन कथांत दारुडा सुधारला. आत्या त्यांत कुठेच नव्हती. ती दरवर्षी आमच्या डोळ्यांसमोर होती.

अमळनेर हे विचाराचे गाव आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांनी 1916 साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापले. येथेच शाळेत शिकविणाऱ्या साने गुरुजींनी 1947 साली पंढरपूरला विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. 1952 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये या गावाने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरविले; 2024 मध्ये त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही येथेच झाले. एकाच गावात दोन मांडव पडले आणि बोरी नदी काही कोरडी पडली नाही. उन्हाळ्यात ती पडते ती वेगळ्या कारणाने. प्रश्न विचारण्याची हवा आमच्या गावात आहे. गुरुजींच्या उपोषणाची गोष्ट आम्ही ख्रिस्ती मुले अभिमानाने सांगत असू. दार कुणासाठी बंद आहे, हा त्यांचा प्रश्न आपल्या कुंपणभिंतीलाही लागू पडतो, हे मात्र आमच्या ध्यानात आले नाही. दुसऱ्याच्या मंदिराचे दार आपल्याला लवकर दिसते.

तेव्हा लेखकांना विनंती एवढीच की, राशी वेगळ्या करा. तीन राजांवर हसा, केळीच्या पानावर हसा, भरितावर आणि स्वतःवरही हसा; श्रद्धा इतकी नाजूक नसते. इतिहास वाचताना पूर्ण वाचा. आणि जिथे हसू येत नाही तिथे थांबून पाहा, तिथेच कुणाची तरी मेणबत्ती भिंतीबाहेर असण्याचा संभव आहे.

यंदाही आमच्या घरी गोठा झाला. कापूस होता. तीन राजेही होते, उंटासह. माझ्या नातीने विचारले, "आजोबा, हे खरेच तीन होते का?" मी मत्तयचा दुसरा अध्याय तिच्या हाती दिला आणि मोजायला सांगितले. तिने दोनदा वाचले आणि म्हणाली, "आकडाच नाही! मग आपण अजून एक ठेवू या?" आम्ही मातीची एक बाई होती ती उचलून राजांच्या रांगेत ठेवली. तिच्या हातात भेटवस्तू नव्हती. नातीने वाढदिवसाच्या केकवरली एक छोटी मेणबत्ती आणून तिच्यापुढे लावली.